मेणबत्ती बिघडली, तर आधी वात पाहावी

घरी केलेली पहिली मेणबत्ती बहुधा दिसायला नीटनेटकी असते आणि पेटवल्यावर फसते. मधोमध खड्डा पडून कडेचे मेण तसेच उरते, ज्योत धुरकट होते किंवा अर्ध्या तासात वात स्वतःच्याच मेणात बुडून विझते. अशा वेळी नवशिक्या माणसाचा पहिला संशय मेणावर जातो. तो दुकान बदलतो, पॅराफिन (खनिज तेलापासूनचे नेहमीचे मेण) सोडून सोया (सोयाबीनच्या तेलापासूनचे मेण) आणतो, त्यात आणखी काहीतरी मिसळून पाहतो. वास्तविक जळताना दिसणाऱ्या बहुतेक दोषांचे मूळ वातीत असते, तर मेण, तापमान आणि साचा यांचे दोष मेणबत्ती पेटवण्याआधीच, ती गार झाल्यावर, डोळ्यांना दिसतात. त्यामुळे गार मेणबत्तीतला दोष ओतण्याच्या पद्धतीत शोधावा आणि जळत्या मेणबत्तीतला दोष आधी वातीत शोधावा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वात, सुगंधाचे प्रमाण आणि ओतण्याचे तापमान हे तिन्ही एकदम बदलले आणि मेणबत्ती सुधारली, तरी कशामुळे सुधारली हे कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंदाजच बांधावा लागतो. म्हणून प्रत्येक खेपेचे मेणाचे वजन, सुगंधाचे वजन, वातीचा क्रमांक, ओतताना असलेले तापमान आणि भांड्याचा आतला व्यास एवढ्या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. त्यासाठी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा आणि २०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर पुरतो. या दोन वस्तूंवर केलेला खर्च सुंदर बाटल्यांवर केलेल्या खर्चापेक्षा कधीही अधिक कामी येतो.

वातीचे काम नेमके काय

मेणबत्तीत जळते ती प्रामुख्याने मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने वितळलेले मेण वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. वात किती मेण वर ओढते आणि ज्योत किती मेण वितळवते, यांचा मेळ बसला की मेणबत्ती शांतपणे जळते. मेळ चुकला की दोष दिसू लागतात, आणि ते दोन बाजूंचे असतात: वात बारीक पडली तर बोगदा (मधोमध खोल खड्डा) आणि विझणे, वात जाड झाली तर काजळी आणि भांडे तापणे.

आपल्याकडे अनेक जण देवघरातली कापसाची वात किंवा शिवणकामाचा दोरा वापरून पाहतात. निरांजनात तेल किंवा पातळ तूप वातीला आयते मिळते आणि वात काठाला टेकवून ठेवता येते, त्यामुळे हाताने वळलेली वात तिथे उत्तम चालते. मेणबत्तीत मात्र वातीला उभे राहायचे असते, मेण वितळवायचे असते आणि स्वतःचे टोकही जाळून टाकायचे असते. हे शेवटचे काम वेणीसारखी विणलेली सुती वातच नीट करते. १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये अशी विणलेली वात पुढे आली, कारण ती जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते आणि तेथे हवा भरपूर मिळाल्याने ते पूर्ण जळून जाते. त्याआधी मेणबत्तीचे काजळलेले टोक दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावे लागत असे. शिवणदोरा पॉलिस्टरचा असेल तर तो जळण्याऐवजी वितळतो, त्यामुळे त्याची वात होऊ शकत नाही.

विणलेली वात आणल्यावर ती गरम मेणात बुडवून, तिच्यातून बुडबुडे येणे थांबेपर्यंत ठेवावी आणि मग बाहेर काढून ताणून सरळ वाळवावी. बुडबुड्यांच्या रूपाने वातीतली हवा बाहेर पडते आणि त्या जागी मेण शिरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वात हवेतला ओलावाही धरून ठेवते, आणि तशीच बसवली तर मेणबत्ती तडतडते. तडतडणे हा जवळजवळ नेहमीच पाण्याचा दोष असतो. वात, भांडे किंवा मेण यांपैकी काहीतरी ओले राहिलेले असते.

बोगदा पडणे

ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. वातीभोवती अरुंद विहीर तयार होते, ज्योत तिच्यात खाली उतरत जाते आणि भांड्याच्या कडेला जाड भिंत उरते. याची कारणे दोन. पहिले म्हणजे भांड्याच्या व्यासाच्या मानाने वात बारीक असणे. दुसरे, जे सहसा कोणी सांगत नाही, ते म्हणजे मेणबत्ती पहिल्यांदा पेटवून लवकर विझवणे. पहिल्या वेळी वितळलेल्या मेणाचे तळे जिथपर्यंत पोचते, तिथपर्यंतच ते पुढच्या वेळीही पोचण्याचा कल असतो, कारण कडेचे न वितळलेले मेण उंच राहते आणि ज्योत खाली जाते. म्हणून अडीच सेंटिमीटर व्यासाला साधारण एक तास या हिशेबाने पहिली वेळ धरावी. साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासातली मेणबत्ती पहिल्यांदा सुमारे तीन तास जळू द्यावी. जेवणाच्या टेबलावर पंधरा मिनिटे पेटवून विझवण्याची सवय असेल, तर मोठ्या तोंडाच्या भांड्याऐवजी लहान वाट्यांतल्या मेणबत्त्या कराव्यात.

वात योग्य आहे की नाही हे ठरवण्याची खात्रीची पद्धत एकच आहे. एकसारख्या तीन ग्लासांत तेच मेण, तोच सुगंध आणि तेच तापमान ठेवून लागोपाठच्या तीन जाडीच्या वाती बसवाव्यात आणि तिन्ही एकाच वेळी पेटवाव्यात. तीन ते चार तासांत ज्या ग्लासात मेणाचे तळे काचेला टेकते, त्याची खोली सुमारे एक सेंटिमीटर राहते आणि ज्योत स्थिर असते, ती वात त्या ग्लासासाठी पक्की समजावी. तळे तासाभरातच काचेपर्यंत पोचले तर वात जाड आहे. मेणबत्ती खाली जाईल तशी काच अधिक तापणार हे ओळखून एक क्रमांक खाली यावे. दुकानात वाती पेडांच्या संख्येने किंवा क्रमांकाने मिळतात, पण एका कारखान्याचा क्रमांक दुसऱ्याशी जुळत नाही, हे दुकान बदलताना लक्षात ठेवावे. भांड्याचा व्यास नऊ-दहा सेंटिमीटरच्या पुढे गेला की एका जाड वातीपेक्षा दोन मध्यम वाती बऱ्या.

बोगदा पडलेली मेणबत्ती टाकून देण्याचे कारण नाही. ॲल्युमिनियमच्या फॉइलचे कडे करून ते भांड्याच्या काठावर आतल्या बाजूला झुकवून बसवावे, मध्ये ज्योतीपुरती मोकळी जागा ठेवावी आणि कडेचे मेण वितळून पातळी एकसारखी होईपर्यंत जवळ बसून लक्ष ठेवावे. केस वाळवण्याच्या यंत्राच्या गरम हवेनेही कड सपाट करता येते.

काजळी, नाचणारी ज्योत आणि विझणारी वात

काचेच्या आत काळा थर धरत असेल तर वात कापायची राहिली आहे का ते आधी पाहावे. प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापावी. लांब वात अधिक मेण ओढते, सगळ्या वाफेला पुरेशी हवा मिळत नाही आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन उडतो किंवा वातीच्या टोकावर अळंबीसारखा गोळा होऊन बसतो. वात कापूनही काजळी राहिली तर नजर वर करून छताच्या पंख्याकडे पाहावे. आपल्या घरांत काजळीचे निम्मे खापर पंख्यावर फोडता येईल, कारण वाऱ्याने ज्योत सतत हलली की तिचे जळण अपुरे राहते आणि मेणही एकाच बाजूने वितळते. मेणबत्तीची परीक्षा पंखा बंद करून, खिडकीपासून दूर घ्यावी. नाहीतर चांगल्या वातीलाही दोष दिला जातो.

ज्योत बारीक होत जाऊन विझत असेल तर वात मेण ओढू शकत नाही असे समजावे. वात बारीक असते, जास्तच आखूड कापलेली असते किंवा तिची छिद्रे बुजलेली असतात. छिद्रे बुजण्यामागे बहुतेक वेळा रंग असतो. मुलांचे मेणखडू, चित्रकलेचे जलरंग, खाण्याचा रंग आणि चमकीची भुकटी यांपैकी काहीही मेणात खऱ्या अर्थाने विरघळत नाही. त्यांचे बारीक कण वातीत अडकतात. मेणबत्तीसाठी तेलात विरघळणारे रंगच घ्यावेत आणि तेही चिमूटभर, कारण पातळ मेणात गडद दिसणारा रंग गोठल्यावर फिका होतो आणि त्या फसव्या गडदपणाला भुलून रंग कमी घातला जातो, किंवा गोठल्यावरचा फिकेपणा पाहून पुढच्या वेळी नको तेवढा घातला जातो. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून तो गोठल्यावर दिसणारी छटा खरी धरावी.

गार झाल्यावर दिसणारे दोष

पॅराफिन गोठताना आकसते. त्याचे आकारमान दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत कमी होते. बाहेरचा थर आधी गोठतो, आतले मेण नंतर आकसते आणि वातीभोवती खळगा किंवा आत लपलेली पोकळी तयार होते. हा दोष नसून मेणाचा स्वभाव आहे, त्यामुळे तो टाळण्याऐवजी त्याची तजवीज करावी. एकूण मेणातले दहा-पंधरा टक्के बाजूला राखावे, वर साय धरली की विणकामाच्या सुईने वातीभोवती तीन-चार भोके पाडावीत आणि पूर्ण गोठण्याच्या बेतात आले की राखलेले मेण पहिल्यापेक्षा चार-पाच अंश अधिक गरम करून त्या खळग्यात ओतावे. साच्यातल्या मेणबत्तीत हे दुसरे ओतणे पहिल्या पातळीच्या वर जाऊ देऊ नये. गेले तर ते मेणबत्ती आणि साचा यांच्यातल्या फटीत उतरते आणि मेणबत्ती साच्यातून निघत नाही.

सोया मेणाच्या तक्रारी वेगळ्या असतात. त्यावर येणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी पाहून मेण खराब निघाले असे वाटते, पण ते केवळ स्फटिक असतात. वनस्पती तेलापासून केलेले मेण, तुपात जशी कणी धरते तसे, हळूहळू रवाळ होते. जळण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. रंगीत मेणात ती नक्षी उठून दिसते, म्हणून सोया मेण बिनरंगी ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. वरचा पृष्ठभाग खडबडीत किंवा खड्ड्याखड्ड्यांचा आला तर पुढच्या वेळी ओतण्याचे तापमान पाच अंशांनी कमी करून पाहावे. बरण्यांसाठीचे सोया मेण साधारण ५५ ते ६५ अंशांना आणि बरण्यांसाठीचे पॅराफिन ७० ते ८० अंशांना ओतण्यापासून सुरुवात करता येते. साच्यात ओतायचे पॅराफिन याहून थोडे गरम लागते.

काचेला मेण काही ठिकाणी चिकटलेले आणि काही ठिकाणी सुटलेले दिसते, तो ओलावा नव्हे; तिथे मेण आकसून काचेपासून अलग झालेले असते. नाशिक-पुण्याच्या थंडीत गार काचेत गरम मेण ओतले की हे हमखास घडते. ग्लास आधी कोमट करून घ्यावेत, ते एकमेकांपासून सुटे ठेवावेत आणि लवकर गोठावे म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नयेत. तरीही हिवाळ्यात एखादा डाग राहतोच आणि तो सोडून द्यावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो: बरण्यांसाठीची मऊ मेणे ५० अंशांच्या आसपास वितळतात, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीखालच्या खोलीत ठेवलेली मेणबत्ती मऊ पडते आणि तिच्यातून सुगंधी तेल घामासारखे वर येते. तिथे उभ्या मेणबत्त्यांसाठी ५८ ते ६० अंशांना वितळणारे फुल्ली रिफाइंड (पूर्ण शुद्ध केलेले) पॅराफिन घ्यावे. स्वस्त सेमी रिफाइंड मेणात तेलाचा अंश अधिक असतो, त्यामुळे ते मऊ राहते आणि त्याला वासही येतो.

साच्यातून मेणबत्ती निघत नसेल तर ठोकाठोकी करू नये. साचा काही मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा म्हणजे मेण आणखी आकसून सुटते. फार वेळ ठेवल्यास मात्र मेणबत्तीला तडे जातात. पुढच्या खेपेला साच्याला आतून खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि पॅराफिनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत स्टिअरिक ॲसिड मिसळावे. त्याने मेणबत्ती कडक व शुभ्र होते आणि साच्यातून सहज निघते.

वात तिरकी बसणे हा साधा दोष, पण त्यामुळे काच एका बाजूने तापते. वातीखालची पत्र्याची चकती भांड्याच्या तळाला चिकटवून घ्यावी आणि वरचे टोक कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यात पकडून चिमटा भांड्याच्या तोंडावर आडवा ठेवावा.

सुगंध येत नाही

सुगंध वजनाने मोजावा. मेणाच्या सहा टक्के म्हणजे २०० ग्रॅम मेणाला १२ ग्रॅम ही सुरुवातीला पुरेशी मात्रा आहे. दहा टक्क्यांच्या वर बहुतेक मेणे तेल धरून ठेवत नाहीत आणि ते तळाशी साचते किंवा वर झिरपते. वास कमी येतो म्हणून मात्रा वाढवणे हा चुकीचा पहिला उपाय आहे, कारण जास्तीचे तेल वातीला जड जाते आणि ज्योत बारीक झाली की वास आणखीच कमी होतो. इथेही आधी वातच पाहावी: मेणाचे तळे रुंद झाले नाही तर सुगंध हवेत जाणार तरी कुठून? सोया मेणासाठी तेल ८० अंशांच्या आसपास घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे आणि ओतल्यानंतर मेणबत्ती झाकून एक-दोन आठवडे ठेवावी. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात.

गुलाबपाणी, केवड्याचे पाणी आणि केकचा व्हॅनिला इसेन्स मेणात मिसळत नाहीत. पाण्याचे थेंब तळाशी बसतात आणि ज्योत तिथपर्यंत पोचली की तडतडाट होतो. अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असते, ते गरम मेणात घालणे धोक्याचे आहे. सुकी फुले, दालचिनी आणि कॉफीच्या बिया वर पेरलेल्या मेणबत्त्या छायाचित्रात शोभतात, पण त्या वस्तू मेण शोषून स्वतःच वाती बनतात. त्या हव्याच असतील तर ज्या मेणबत्त्या पेटवायच्या नाहीत त्यांच्यातच घालाव्यात.

भांडी आणि आग

दिवाळीसाठी मातीच्या पणत्यांत मेण ओतणाऱ्यांनी एक सवय मोडावी. तेलाच्या पणत्या तेल पिऊ नयेत म्हणून आपण त्या आधी पाण्यात भिजत घालतो. मेणाच्या पणत्या मात्र पूर्ण कोरड्या हव्यात, नाहीतर गरम मेण पडताच मातीतल्या पाण्याचे बुडबुडे वर येतात. कोरडी पणती थोडे मेण शोषते आणि जळताना बाहेरून पाझरते, म्हणून रांगोळीवर ठेवण्याआधी खाली ताटली किंवा पान ठेवावे. नारळाची करवंटी स्वतः जळणारी वस्तू आहे. तिच्यात बारीक वात आणि वरून मोकळी अशी उथळ मेणबत्तीच करावी आणि ती नजरेआड पेटती ठेवू नये. पातळ काचेचे सरबताचे ग्लास उष्णतेने तडकतात, त्यापेक्षा जाम-लोणच्याच्या जाड बरण्या चांगल्या. कोणत्याही भांड्यात तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की मेणबत्ती पेटवणे थांबवावे.

मेण थेट गॅसवर वितळवू नये. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसऱ्या भांड्यातले मेण वितळवावे. पाणी असेपर्यंत मेण १०० अंशांच्या वर जात नाही, आणि पॅराफिनची वाफ पेट घेण्याचे तापमान त्याच्या बरेच वर, दोनशे अंशांच्या आसपास असते. मेणातून धूर निघू लागला तर ते फार तापले आहे असे समजून गॅस लगेच बंद करावा. पेटलेच तर घट्ट झाकण ठेवावे आणि ते गार होईपर्यंत उचलू नये. पाणी मुळीच ओतू नये: पाणी मेणापेक्षा जड असल्याने खाली जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते मेण चहूकडे उडते. अंगावर गरम मेण सांडल्यास ते खरवडू नये, तो भाग वाहत्या गार पाण्याखाली धरावा.

फसलेल्या मेणबत्त्यांचे मेण पुन्हा वापरता येते. जुनी वात आणि काजळी चिमट्याने काढावी, मेण वितळवून जुन्या सुती कापडातून गाळावे आणि आधी घातलेला सुगंध हिशेबात धरून नवा कमी घालावा. पॅराफिन आणि सोया यांचे उरलेले तुकडे एकत्र केले तर त्या मिश्रणासाठी वातीची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. भांडी गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्यावीत, कारण मोरीत ओतलेले मेण नळीत गोठून बसते आणि ते काढायला प्लंबरच बोलवावा लागतो. रंगांची सरमिसळ होऊन जे मेण कशालाच लायक उरत नाही, ते पावसाळ्यात फुगलेल्या दारांच्या आणि लाकडी खणांच्या कडांना घासायला ठेवून द्यावे.